नागपुरात डँडेलियन दिसली? आधी दांडी बघा

दिवाळी झाली की नागपूरच्या झाडवेड्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरू लागतो. पिवळंधमक, भरगच्च पाकळ्यांचं फूल, नाहीतर पांढऱ्या केसांचा गोल गोळा, आणि खाली ओळ : ‘डँडेलियन सापडली!’ कधी फोटो फुटाळ्याच्या काठावरचा असतो, कधी सेमिनरी हिल्सच्या वाटेवरचा, कधी हिंगण्याकडच्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावरचा. फोनमधलं ॲपही होकार देऊन मोकळं होतं. त्याला तरी काय म्हणणार? आपण त्याला वरून काढलेलं नुसतं फूल दाखवतो, आणि सूर्यफुलाच्या कुळात पिवळं फूल नि उडणारं बी कितीतरी झाडांना असतं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की फुलाकडे शेवटी या. सुरुवात दांडीपासून करा. मग चीक, मग एक सुटी पाकळी, मग फुलाखालची हिरवी छदं, आणि सगळ्यात शेवटी बी. या क्रमाने गेलात तर आपल्याकडे ‘डँडेलियन’ म्हणून खपणारी बहुतेक झाडं चीक आणि पाकळीपर्यंतच उलगडतात. बी लागतं ते खात्रीसाठी.

खरी डँडेलियन असते तरी कशी

शास्त्रीय नाव टॅरॅक्सेकम ऑफिसिनेल. मूळची युरोप-आशियाच्या थंड प्रदेशातली. तिथून ती उत्तर अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये गेली आणि तिथल्या हिरवळींवर कायमची रुळली. भारतात तिच्या जातभाई हिमालयात भरपूर आहेत. काश्मिरात तिचा पाला ‘हंद’ म्हणून भाजीला वापरतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. हे हवामान तिच्या सोयीचं नाही. त्यामुळे वावरात किंवा पडीक प्लॉटवर पिवळं फूल दिसलं की ‘ही डँडेलियन नसावी’ असं धरून चालायचं आणि पुरावा आडवा आला तरच मत बदलायचं. उलट्या बाजूने निघालात तर प्रत्येक पाथरी, म्हणजे आपली पिवळ्या फुलाची रानभाजी, तुम्हाला डँडेलियन वाटेल.

पण ‘नसावी’ म्हणजे ‘असूच शकत नाही’ असं नव्हे. बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात, परदेशातून येणारे नातेवाईक बिया आणतात, हौशी लोक हिवाळ्यात कुंडीत लावतात. अशा कुंडीतून एखादं बी शेजारच्या ओल्या हिरवळीत पडलं आणि थंडीत उगवलं तर नवल नाही. म्हणूनच खरी कशी ओळखायची, हे नीट माहीत हवं.

इथे एक भेद समजून घ्या, कारण नोंद करताना तो कामी येतो. कुंडीत वाढवलेलं झाड ते लागवडीचं. कुंडीतून निसटून एखादा हंगाम बाहेर उगवलेलं झाड ते पाहुणं. आणि माणसाने पुन्हापुन्हा बी न टाकता, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या बळावर वाढत राहिलेलं परकं झाड ते रुळलेलं. आपल्या शहरात रुळलेल्या परक्या झाडांना तोटा नाही. गंमत अशी, की डँडेलियन समजून ज्यांचे फोटो फिरतात त्यांतली एकदांडी (फुटपाथवरचं तण) आणि सोंकस (बागेतलं तण) ही दोन्ही याच तिसऱ्या गटातली.

सोबत काय न्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक ब्लेड, लहान फूटपट्टी, पांढरा कागद आणि दोन-चार कागदी पाकिटं. भिंग घड्याळजीच्या किंवा सोनाराच्या सामानाच्या दुकानात मिळतं, इतवारीत सहज सापडेल. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि वस्तू त्याच्याकडे आणायची. भिंग वस्तूवर धरून लांबून बघितलं तर काहीच दिसत नाही, आणि नवखे नेमकं तेच करतात.

वेळ सकाळची. आठ ते दहा उत्तम. सोंकसची फुलं दुपारपर्यंत मिटून जातात, मग तुम्ही कळी समजून पुढे निघून जाल. एकदांडी मात्र भर उन्हातही उघडी दिसते.

अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात, गोरेवाड्यात, महाराजबागेत काहीही तोडू नका. तिथे फक्त फोटो. तपासणीसाठी लागणारी झाडं रिकाम्या प्लॉटवर, फुटपाथच्या फटीत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर हवी तेवढी मिळतात.

पहिली पायरी : दांडी

फुलापासून बोट खाली खाली न्या. फूल ज्या दांडीवर आहे ती दांडी थेट जमिनीपर्यंत एकटी जाते का? वाटेत तिला एखादं पान आहे? फांदी फुटली आहे? बारीकसं खवल्यासारखं पातं तरी आहे?

डँडेलियनच्या दांडीला यातलं काहीही नसतं. पानांच्या जमिनीलगतच्या चक्राच्या मधोमध दांडी वर येते. ती गुळगुळीत, बिनपानाची, बिनफांदीची असते आणि टोकाला एकच फूल. ब्लेडने आडवी कापली तर आतून पोकळ नळी दिसते. एका झाडाला अशा पाच-दहा दांड्या असू शकतात, पण प्रत्येक स्वतंत्र, प्रत्येकीवर एकच फूल.

दांडीला एक जरी पान असलं, एक जरी फांदी असली, तर ती डँडेलियन नाही. इथे हुज्जत घालायची नाही. नागपुरातली निम्म्याहून अधिक प्रकरणं मी तरी इथेच निकालात काढतो.

दोन ठिकाणी मात्र घसरायला होतं. पाथरी कोवळी असताना तिची दांडी आखूड असते आणि पहिलं फूल एकटंच दिसतं. अशा वेळी दांडी भिंगाखाली धरा. तिच्यावर कुठेतरी बारीक खवला आणि त्याच्या बेचक्यात पुढच्या फांदीची कळी सापडते. दुसरी फसगत सोंकसची : त्याचं खोडही पोकळ असतं आणि चीकही येतो. त्यामुळे ‘पोकळ आणि चीक’ एवढ्यावर नाव ठोकू नका. सोंकसच्या खोडाला पानं असतात, ती बघा.

दुसरी पायरी : चीक

दांडी तोडा आणि दोन सेकंद थांबा. दुधासारखा पांढरा चीक भरून आला तर झाड सूर्यफुलाच्या कुळातल्या चिकाळ गटातलं : डँडेलियन, पाथरी, सोंकस ही सगळी त्यातली. चीक अजिबात नाही, नुसता पाणीदार रस, तर एकदांडी किंवा आणखी कुणी.

उन्हाने मरगळलेल्या झाडाला चीक कमी येतो, म्हणून दांडीबरोबर पानाची मधली शीरही मोडून बघा. चीक सुकला की बोटं काळपट-तपकिरी होतात आणि डाग लवकर जात नाही. डोळ्यांना हात लावू नका. डँडेलियनच्याच एका मध्य आशियाई जातीच्या मुळातल्या चिकापासून सोव्हिएत रशियाने १९३० च्या दशकात रबर काढायला सुरुवात केली होती. घरच्या बागेतल्या डँडेलियनमधून टायर निघणार नाही, पण बोटाला चिकटतं ते काय, हे त्यावरून कळतं.

तिसरी पायरी : एक सुटी पाकळी

मला सगळ्यात आवडणारी तपासणी ही. हिला पैसे लागत नाहीत आणि ती फसवतही नाही.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात फुलांचा गुच्छ असतो, त्याला स्तबक म्हणतात. प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतःचं बी धरणारं एक सुटं, छोटं फूल असतं, म्हणजे पुष्पक. चिमटीत धरून एक पुष्पक मुळापासून ओढून काढा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच्या पट्टीचं टोक भिंगाखाली बघा.

टोकाला पाच बारीक दाते दिसले तर चिकाळ गट पक्का. पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून ती पट्टी झालेली असते, हे दाते म्हणजे त्या पाचांची टोकं. तीन दाते दिसले, आणि ठळक खाचांचे दिसले, तर तुमच्या हातात बहुतेक एकदांडी आहे.

आता स्तबकाचा मधला भाग बघा. डँडेलियन, पाथरी आणि सोंकस यांच्यात कडेपासून मध्यापर्यंत सगळी पुष्पकं पट्टीचीच असतात; सूर्यफुलासारखं वेगळं ‘डोळ्याचं’ बिंब नसतं. एकदांडीत कडेला चार-सहा पांढरट किंवा फिकट पिवळ्या पट्ट्या आणि मध्ये गर्द पिवळ्या नळकांड्यांचं बिंब, असे दोन प्रकार स्पष्ट दिसतात.

आकारही मापून ठेवा. डँडेलियनचं स्तबक ३ ते ५ सेंटिमीटर रुंद आणि त्यात शंभराहून जास्त पुष्पकं. पाथरीचं जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं. रुपयाच्या नाण्याहून लहान फूल बघून ‘डँडेलियन’ म्हणणाऱ्याने निदान फूटपट्टी तरी लावावी.

चौथी पायरी : फुलाखालची छदं

स्तबक उलटं करा. खालच्या बाजूला हिरव्या पातळ पात्यांचा कप असतो, ही छदं. डँडेलियनमध्ये त्यांच्या दोन स्पष्ट रांगा असतात. आतली रांग लांब आणि उभी, फुलाला कवेत घेणारी. बाहेरची रांग आखूड आणि खाली वळलेली, जणू कुणी सालं सोलून मागे टाकली आहेत. वेगवेगळ्या वयाच्या दोन-तीन फुलांवर ही बाहेरची रांग तपासा.

पाथरीची छदं अशी वळत नाहीत. बाहेरची अगदी आखूड, आत जावं तशी लांब होत जाणारी, एकमेकांवर चढलेली, आणि प्रत्येकाला पांढरी पापुद्र्यासारखी कड. ही पांढरी कड साध्या डोळ्यांनाही दिसते. सोंकसमध्ये फूल मिटल्यावर छदांचा कप बुडाशी फुगतो आणि वर निमुळता होतो. एकदा बघितला की लांबूनही ओळखू येतो. एकदांडीची छदं थोडी, हिरवी आणि केसाळ.

पाचवी पायरी : पान

पानावरून नाव ठरवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण पान सतत समोर असतं. पण या मंडळींत पान हा सगळ्यात लहरी साक्षीदार आहे. एकाच डँडेलियनला सावलीत जवळजवळ अखंड पानं येतात आणि उन्हात खोल कातरलेली. पाथरीचंही तसंच. म्हणून पानाला मी पाचव्या क्रमांकावर टाकलं आहे.

तरी काही खुणा टिकाऊ आहेत. डँडेलियनची सगळी पानं मुळापाशी, आणि कातरलेल्या भागांची टोकं पानाच्या देठाकडे, म्हणजे मागे वळलेली. पाथरीची बहुतेक पानं मुळापाशीच, पण कडेला बारीक, पांढरे, टणक दात. बोटाचं टोक कडेवरून हलकेच फिरवलं तर ते लागतात. सोंकसची पानं खोडावर आणि बुडाशी दोन कानांनी खोडाला मिठी मारणारी. त्यातही दोन जाती आपल्याकडे दिसतात. कान टोकदार आणि पान मऊ, तर सोंकस ओलेरेशियस. कान गोल वळलेले, पान चकचकीत आणि कड काटेरी, तर सोंकस ॲस्पर. एकदांडीची पानं समोरासमोर जोडीने, खरखरीत केसाळ, मोठ्या दातांची. आणि समोरासमोर पानं दिसली की डँडेलियनचा विषय तिथेच संपतो.

सहावी पायरी : बी

पिकलेला गोळा मिळाला तर अर्धी लढाई जिंकलीच. फुंकू नका! पाकिटात अलगद उतरवून घरी आणा. चिमट्याने एक बी उचला आणि काळ्या कागदावर ठेवा.

डँडेलियनचं बी (शास्त्राच्या भाषेत ते फळ आहे, आपण बीच म्हणू) ३ मिलिमीटरच्या आसपास लांब, मातकट-हिरवट तपकिरी, उभ्या रेघांचं, आणि वरच्या टोकाला बारीक काटे असलेलं. त्यावर एक केसाएवढी बारीक दांडी, जिला चोच म्हणतात, साधारण ७ ते १० मिलिमीटरची. आणि त्या चोचीच्या टोकाला पांढऱ्या साध्या केसांचा तुरा. चोच बियापेक्षा दोन-तीन पट लांब असल्यामुळे तुरा बियापासून दूर, उंचावर उघडतो. पूर्ण गोळ्याकडे बघितलं तरी हे कळतं : मध्यभागी बियांचा गडद गाभा, बाहेर तुऱ्यांचं कवच, आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा, जिच्यातून आरपार दिसतं.

पाथरी आणि सोंकसच्या बियांना चोच नाही. तुरा थेट बियाच्या डोक्यावर बसतो. त्यांचा गोळा दाट, कापसाळ, थोडा विस्कटलेला दिसतो आणि बोट लावलं की तुरे सुटून येतात. सोंकसच्या दोन जातींचा वाद उरला असेल तर तोही इथे मिटतो : ओलेरेशियसच्या बियावर आडव्या सुरकुत्या, ॲस्परच्या बियावर रेघांमध्ये गुळगुळीत.

एकदांडीचं बी अगदी निराळं. काळपट, स्वतःच केसाळ, सुमारे २ मिलिमीटरचं. तुऱ्याचा प्रत्येक केस भिंगाखाली पिसासारखा दिसतो, म्हणजे मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी बारीक उपकेस. आणि बिया झडून गेल्यावर उरलेल्या बोडक्या बुडख्यावर बारीक खवले दिसतात. डँडेलियनच्या बुडख्यावर नुसते खळगे.

डँडेलियनचा तो साध्या केसांचा तुरा विरळ असूनही बी इतका वेळ तरंगतं कसं, हे कोडं २०१८ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी सोडवलं. तुऱ्यातल्या सुमारे शंभर केसांमधून हवा निसटते आणि तुऱ्याच्या वर, त्याला न चिकटता, हवेचं एक स्थिर कडं फिरत राहतं. ते कडं बियाला वर ओढून धरतं. केस जास्त दाट असते किंवा विरळ असते तर हे जमलं नसतं.

हवेत तरंगणारी एकटी ‘म्हातारी’ पकडून मात्र काही ठरवू नका. आपल्याकडे ती बऱ्याचदा रुईची असते. तिचं बी चपटं आणि तपकिरी, केस लांब नि रेशमी, आणि झाडाचा डँडेलियनच्या कुळाशी संबंध नाही.

मग ती होती तरी कोण?

हिवाळ्यात भेटेल त्यातली पहिली शंका पाथरीची धरा. शास्त्रीय नाव लॉनिया प्रोकम्बेन्स. काळ्या जमिनीत, गव्हा-हरभऱ्याच्या वावरात, धुऱ्यावर, ओलिताच्या पाटाकडेला ती जमिनीवर पसरते. फांद्या आडव्या जातात आणि त्यांवर पिवळी लहान फुलं उमलतात. विदर्भात ही तण म्हणून जितकी ओळखीची, तितकीच भाजी म्हणून. थंडीत बाजारात बसलेल्या मावशीकडे पाथरीच्या जुड्या दिसल्या तर एक विकत घ्या. फुलासकट मिळाली तर अभ्यासाला याहून स्वस्त नमुना नाही. कोवळा पाला कच्चाच, तेल, तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाकरीबरोबर खातात. किंचित कडसर लागतो. डँडेलियनच्या पानांचं सॅलड महागड्या हॉटेलात खाऊन हरखणाऱ्यांनी आधी हे खाऊन बघावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सोंकस बागेत, संत्र्याच्या आळ्यात, नर्सरीच्या ओल्या कोपऱ्यात येतो. कमरेपर्यंत वाढू शकतो. उंच झाला की कुणी त्याला डँडेलियन म्हणत नाही. गोंधळ होतो तो लहान असताना, जेव्हा नुसतं पानांचं चक्र असतं. त्यावर उपाय एकच : दोन-तीन आठवडे थांबा. खोड वर येऊ द्या.

एकदांडी, म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. हिलाच कुणी कंबरमोडी, कुणी दगडी पाला म्हणतं. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. आज नागपुरातला एकही फुटपाथ हिच्याशिवाय नाही. मुरमाड, तुडवलेल्या, उन्हाने भाजलेल्या जागा हिला मानवतात. वीतभर किंवा त्याहून लांब, केसाळ, बिनपानाची दांडी आणि टोकाला एकच फूल, त्यामुळे पहिल्या पायरीवर ही अर्धवट पास होते. म्हणून दांडी जिथून निघते तिथपर्यंत जा : ती जमिनीतून नाही, तर पसरलेल्या, पानं असलेल्या खोडातून निघालेली असते. शिवाय चीक नाही, पोकळी नाही. लहान फुलपाखरं मात्र तिच्यावर सतत असतात. फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांना एकदांडीचा ताटवा माहीत असतोच. शेतात विळा लागला की हिचा पाला चोळून जखमेवर दाबायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तीच एकदांडी अमेरिकेच्या केंद्र सरकारने उपद्रवी तणांच्या यादीत घातली आहे.

सदामंडी (एमिलिया सोंचिफोलिया) कधीकधी गोंधळात भर घालते, कारण तिचाही पांढरा गोळा होतो. पण फूल जांभळट-गुलाबी आणि छदांची एकच सारखी रांग. सहदेवीचंही फूल जांभळं. ही दोन फुलावर असताना प्रश्नच येत नाही.

एक इशारा. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, लहान असताना जमिनीलगत कातरलेल्या पानांचं चक्र करतं आणि नवख्याचा हात सहज तिकडे जातो. हे १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदवलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं. पानं दोनदा कातरलेली, बारीक लवेची, राखाडी-हिरवी. मोडली तर चीक नाही. वारंवार हाताळलं तर अनेकांच्या त्वचेला खाज, पुरळ, सूज येते. मोडून बघायचंच तर हातमोजे घाला.

खायच्या आधी

पाथरी खाता येते म्हणून प्रत्येक चिकाचं झाड खायचं नसतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखान्याची वाट धरावी लागते. ओळख सहाही पायऱ्यांवर पक्की झाली असेल तरच पाला घरात आणा, आणि नागनदीच्या काठचा, नाल्याकडेचा, हमरस्त्याच्या दुभाजकावरचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा तर मुळीच नको. ‘डँडेलियन चहा’ म्हणून काही वाळवून प्यायचा विचार असेल आणि पित्ताशयाचा त्रास किंवा चालू औषधं असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं जुळलंच तर

बिनपानाची, पोकळ, जमिनीतून निघालेली एकटी दांडी, चीक, सगळी पुष्पकं पाच दातांची, बाहेरची छदं मागे वळलेली, बियाला लांब चोच. इतकं सगळं जुळलं तर तुम्ही खरोखर टॅरॅक्सेकम बघत आहात. आता जात ठरवायची घाई करू नका. ही झाडं बहुतेक वेळा परागीभवनाशिवायच बी धरतात, त्यामुळे आईची हुबेहूब नक्कल असलेल्या शेकडो सूक्ष्म जाती तयार झाल्या आहेत, आणि तज्ज्ञही त्यांच्यात अडखळतात. आपल्यापुरता एक मोठा भेद बघता येतो : बी मातकट तपकिरी तर ऑफिसिनेलचा गट, बी लालसर विटकरी आणि पानं शिरेपर्यंत अरुंद कातरलेली, तर एरिथ्रोस्पर्मम. पिकलेलं बी नसेल तर नुसतं ‘टॅरॅक्सेकम’ लिहून थांबा. ते पुरेसं आहे.

मग आजूबाजूला बघा. जवळ कुंड्या आहेत? नवी हिरवळ टाकली आहे? शेजाऱ्याला विचारा, त्याने बी पेरलं होतं का. एकच झाड आहे की लहान-मोठी वेगवेगळ्या वयाची बरीच? सगळ्यात बोलकी परीक्षा उन्हाळ्याची : जून-जुलैत आणि मग पुढच्या थंडीत त्याच जागी पुन्हा जा. सोटमुळापासून फुटवा आला का, नवी रोपं आली का, हे लिहून ठेवा. ती एका उन्हाळ्यातून तरली तरी ‘रुळली’ म्हणायला आणखी काही हंगाम जावे लागतील.

फोटो सहा काढा : संपूर्ण झाड जमिनीसकट, दांडीचं बूड, कापलेली दांडी, फूल वरून, फूल खालून, आणि फूटपट्टीशेजारी बी. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना कुंडीतलं झाड असेल तर ‘लागवडीचं’ ही खूण जरूर करा, नाहीतर नकाशावर नागपुरात रानटी डँडेलियनचा खोटा ठिपका पडतो आणि मग तो वर्षानुवर्षं कुणी पुसत नाही.

नमुना जपायचा असेल तर झाड मुळासकट उपटून, माती झाडून, वर्तमानपत्राच्या घडीत पसरवा आणि जड वह्यांखाली दाबा. पहिले काही दिवस कागद रोज बदला. चिकाळ झाडं बुरशी लवकर धरतात. चिठ्ठीवर तारीख, नेमकी जागा, जमीन कशी, ओलित की कोरडवाहू, फुलाचा ताजा रंग हे लिहा. फुलाचा रंग सुकल्यावर उडतो, तेव्हा ते त्याच दिवशी लिहायचं. विद्यापीठाच्या किंवा एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवायला नेताना आधी फोन करा. सोबत कळी, उघडं फूल आणि पाकिटातला पिकलेला गोळा, तिन्ही असू द्या.